गंजायचं कोणी?

जुनी जीप नव्यासारखी करून घेतलेल्या माणसाला "किती खर्च आला?" असं विचारू नये. त्याने बायकोला एक आकडा सांगितलेला असतो, भावाला दुसरा, आणि स्वतः बेरीज केलेलीच नसते. त्यापेक्षा "आता काय राहिलंय?" असं विचारावं. माणूस एकदम मोकळा होतो. इंजिन झालं, गिअरबॉक्स झाला, पत्रा झाला, रंग झाला, हूड शिवून आलं. आता फक्त किरकोळ राहिलंय, असं तो सांगतो. मोठी कामं मेस्त्री करतो, त्यामुळे ती कधीतरी संपतात. किरकोळ कामं मालक स्वतः करतो.

आमच्या भाऊजींचं किरकोळ म्हणजे चाकांचे नट. गंज न धरणारे.

जीप विलीज घराण्यातली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांच्या वर जीपा बनवल्या. युद्ध संपलं, आपल्याला स्वातंत्र्य मिळालं, आणि महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जीपा जुळवायला सुरुवात केली. भाऊजींची जीप त्या माझगावच्या जुळणीची, पन्नासच्या दशकातली. तिने सरकारी खात्यात कालव्यांच्या कामावर नोकरी केली, लिलावात निघाली, एका बागायतदाराच्या हापूसच्या पेट्या वाहिल्या आणि शेवटची कित्येक वर्षं रत्नागिरीजवळ एका फणसाखाली काढली. भाऊजींनी तिला पाहिलं तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. बागायतदाराने जीप लगेच विकली. कोंबडी उठेपर्यंत मात्र थांबायला लावलं. भाऊजींनी जीप घरी आणली आणि तिला लष्करी हिरवा रंग दिला. जन्मात तिने एकच लढाई पाहिलेली, कालव्याचं पाणी कुणाला आधी मिळणार याची. पण हिरव्या रंगात ती बर्लिनहून परस्पर मिऱ्या बंदरावर उतरल्यासारखी दिसते, हे खरं.

भाऊजी बँकेतून निवृत्त. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जाचे कागद तपासलेला माणूस एकदा स्वतःच्या पैशाने काही घ्यायला निघाला की त्याला कागद कमी पडतात. नटांची त्यांची फाइल आहे. मी पुण्यात राहतो, आणि नाना पेठ ही वाहनांच्या सुट्या भागांची पेठ पुण्यात आहे, एवढ्या दोन गोष्टींवरून त्या फाइलीत माझं नाव 'खरेदी विभाग' म्हणून चढलं.

आता रत्नागिरीत गंजाची एवढी धास्ती का, हे देशावरच्या माणसाला सांगून कळत नाही. आमच्या कराडकडे लोखंडी फाटक एकदा बसवलं की नातवाच्या लग्नापर्यंत विषय निघत नाही. रत्नागिरीत पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि उरलेले आठ महिने समुद्रावरून खारा वारा. दर वर्षी गणपतीच्या आधी खिडक्यांच्या गजांना रंग लावायचा, आणि दर वर्षी रंगाखालून गज मागच्या वर्षीपेक्षा बारीक निघायचा. लोखंड तसं नुसत्या पाण्यानेही गंजतं, पण पाण्यात मीठ असलं की त्याचा उत्साह वाढतो. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंजणं हे शेवटी एक विजेचंच काम आहे. वीज मंडळाची वीज गेली तरी रत्नागिरीत ही वीज जात नाही.

चार चाकं, चाकाला पाच नट, म्हणजे वीस. पण ते दुकानात जाऊन "वीस नट द्या" म्हणण्याइतकं सोपं असतं तर फाइल कशाला लागली असती?

पहिली गोष्ट मापाची. जीपचा स्टड अर्ध्या इंचाचा, इंचाला वीस आटे. मेस्त्रीच्या भाषेत चार सुती. आपल्या देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारली त्याला आता साठ वर्षं उलटून गेली, तरी गॅरेजमध्ये सूत अजून जिवंत आहे: इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. आजच्या बऱ्याच गाड्यांना लागतो बारा मिलिमीटरचा नट. अर्धा इंच म्हणजे बारा पूर्णांक सात मिलिमीटर. फरक शून्य पूर्णांक सात. आट्यांमधलं अंतर एकाचं १.२७ मिलिमीटर, दुसऱ्याचं १.२५. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, दुकानदाराला दिसत असला तरी तो सांगत नाही. बारा मिलिमीटरचा नट अर्ध्या इंचाच्या स्टडवर चढतच नाही, हे बरंच आहे. घात उलट्या बाजूने होतो: अर्ध्या इंचाचा नट बारा मिलिमीटरच्या स्टडवर अगदी प्रेमाने चढतो, जरा घट्टही वाटतो, आणि पहिल्याच घाटात निरोप घेतो.

दुसरी गोष्ट दिशेची. या जुन्या जीपांच्या उजव्या बाजूच्या नटांना नेहमीचे उजवे आटे, आणि डाव्या बाजूच्या नटांना डावे, म्हणजे उलटे. सगळं जग ज्या दिशेला नट सोडतं त्या दिशेला हे आवळले जातात. यामागे विचार असा, की चाक फिरता फिरता नटाला जो सूक्ष्म हिसका बसत राहतो त्याने डाव्या बाजूचे साधे नट हळूहळू सुटतील. मग त्यांचे आटेच उलटे करून टाकू. सायकलच्या डाव्या पायडलला उलटे आटे असतात ते याच कारणाने. पुढे उतरत्या बुडाचे, म्हणजे चाकाच्या भोकात शंकूसारखे रुतून बसणारे नट नीट आवळले तर ही काळजी उरत नाही, असं बहुतेकांना पटलं. तरी अमेरिकेत क्रायस्लरने हा उलटा कारभार १९७०च्या दशकापर्यंत चालवला. उलट्या नटाची खूण म्हणून त्याच्या कडांवर बारीक खाच असते. ती पाहायला वाकावं लागतं. पंक्चर काढणारी माणसं नटाकडे पाहायला वाकत नाहीत, सोडायला वाकतात.

नाना पेठेतल्या शेठनी वीस नट ऐकून वहीतून मान वर केली नाही. "त्यातले दहा डाव्या आट्याचे," असं म्हटल्यावर केली. त्यांच्या चेहऱ्यावर आदर उमटला, आणि नंतर तो किमतीतही उमटला.

"गंजणार नाहीत ना?" मी विचारलं. मला तसं विचारायला सांगितलेलं होतं.

"साहेब, हे क्रोम घ्या. चेहरा दिसतो यात."

चाकाच्या नटात चेहरा पाहायचा असेल तर माणसाला रस्त्यात बसावं लागतं, हे मी बोललो नाही. मी नमुने घेतले, फोटो पाठवले आणि रात्री फोन आला.

"क्रोम नको," भाऊजी म्हणाले. "क्रोमचा थर अगदी पातळ असतो, त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. तिथून पाणी आत गेलं की खालचं लोखंड गुपचूप गंजतं, आणि मग क्रोमचे पापुद्रे सुटतात. शिवाय नटाचं बूड जिथे चाकावर बसतं, तिथलं क्रोम चुरडलं की नट सैल."

"मग ते टोपीवाले? वरून स्टीलची चकचकीत टोपी असते ते?"

"ते तर अजिबात नको. टोपीच्या आत पाणी शिरतं. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. नट आतून फुगतो, टोपी ताणली जाते, आणि ज्या दिवशी भर पावसात चाक बदलायचं असतं त्या दिवशी पाना नटावर बसत नाही."

मला नवल वाटलं. मीही त्याच बँकेत खातं ठेवून होतो, पण एखाद्या वस्तूत इतके दोष असू शकतात हे भाऊजींनी कधी कळू दिलं नव्हतं.

मग स्टेनलेस स्टीलचा विचार निघाला. सर्वसामान्य माणसाला इथे प्रश्न संपल्यासारखा वाटतो. घरात डबे स्टीलचे, ताटं स्टीलची, पाण्याचं पिंप स्टीलचं. कुणी कधी गंजलेलं ताट पाहिलंय? नटही स्टीलचे घ्या आणि मोकळे व्हा. ताईने हे सुचवलं, आणि तिचा मान राखून भाऊजींनी एक आठवडा त्यावर काढला. त्यांच्या शेजारी धातुशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक काका राहतात. वर्ग सुटून बारा-पंधरा वर्षं झाली तरी त्यांचा तास संपलेला नाही, फक्त विद्यार्थी मिळत नव्हता. भाऊजी त्यांना नटाच्या रूपाने सापडले.

काकांनी सांगितलं की स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं, त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन एक अतिशय पातळ पापुद्रा बनतो आणि तो लोखंडाला झाकतो. घरातल्या चांगल्या भांड्यांत साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. पण हा पापुद्रा मिठापुढे टिकत नाही. समुद्राकाठी ३१६ नावाचं स्टील लागतं, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम घातलेलं असतं. बरं, तेही आणलं. पुढे? स्टड तर साध्या पोलादाचा. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात राहिले की त्यांची बॅटरी होते, आणि त्यातला कमी प्रतिष्ठेचा धातू दुसऱ्याच्या वाटणीचाही गंज सोसतो. म्हणजे नट जन्मभर चमकत राहणार आणि आत, कुणाला न दिसता, स्टड झिजत जाणार.

"मग स्टडही स्टेनलेसचे टाकू," भाऊजी म्हणाले.

"टाका की. मग नट आणि स्टड आवळताना एकमेकांत असे रुतून बसतील की नंतर करवतीशिवाय सुटायचे नाहीत. स्टेनलेसला स्टेनलेस घासलं की तो वरचा पापुद्रा फाटतो आणि धातूला धातू चिकटतो. शिवाय चाकाच्या स्टडला जी ताकद लागते ती साध्या स्टेनलेसमध्ये नाही."

ताईचं म्हणणं असं, की त्या दिवसापासून भाऊजी पाण्याच्या पिंपाच्या तोटीकडे संशयाने बघतात.

मी पुढच्या खेपेला रत्नागिरीला गेलो तेव्हा मला काकांच्या ओट्यावर नेण्यात आलं. काकांनी लोखंडाचा इतिहास दिल्लीच्या लोहस्तंभापासून काढला. सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे, गंज नाही, कारण त्याच्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक रक्षक थर तयार झालेला आहे. भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण त्याला नट नाहीत."

मग काका मूळ मुद्द्यावर आले. गंज थांबवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. फक्त तो कुणाच्या वाट्याला द्यायचा, हे ठरवता येतं. लोखंडावर जस्ताचा थर दिला की जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. थराला ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त लोखंडाच्या वतीने गंजत राहतं. सगळं गणित एवढंच: गंजायचं कोणी? मला यात आपल्या एकत्र कुटुंबांचा सगळा कारभार दिसला, आणि मोठ्या सूनबाई म्हणजे कोण हेही दिसलं. पण ओट्यावर ताई पोहे घेऊन आली होती, त्यामुळे मी उपमा मनातच ठेवली.

काका रंगात आले. १८२४ साली इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने हीच युक्ती आरमाराला सांगितली होती. जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत, ते खाऱ्या पाण्याने झिजत. डेव्हीने त्या पत्र्यांना लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं. सगळे खूश. थोड्याच दिवसांत जहाजाच्या बुडाला शिंपले आणि शेवाळ यांची गर्दी झाली आणि जहाजं रेंगाळायला लागली. कारण तांबं झिजताना पाण्यात जे विष सोडत होतं, त्यानेच ती मंडळी लांब राहत होती. तांबं वाचलं, वेग गेला. आरमाराने तुकडे काढून टाकले.

"म्हणजे जस्त नको?" भाऊजी हताश झाले.

"जीप पाण्यात घालणार आहात का?"

दोन तास चाललेलं हे सगळं प्रवचन दुसऱ्या दिवशी मिरकरवाड्याच्या बंदरावर एका वाक्यात आटोपलं. ट्रॉलर ओढून घेतलेला होता, आणि पंख्याशेजारी बुडाला एक पांढरट, किडलेली वडी बोल्टने बसवलेली दिसली. तिथल्या मेकॅनिकला विचारलं, हे काय. तो म्हणाला, "जस्त. ह्या खातो, पंखा ऱ्हवतो." संपलं. त्याने फीही घेतली नाही आणि इंग्लंडही मधे आणलं नाही. भाऊजी मात्र परत येताना जरा गप्प होते. इतकं सोपं निघालेलं त्यांना आवडलं नसावं.

तर जस्त ठरलं. पण जस्ताचेही प्रकार. गरम जस्तात बुडवून काढलेला नट टिकाऊ खरा, पण थर इतका जाड बसतो की आटे मोठे करून घ्यावे लागतात. चाकाच्या नटाला असला सैलपणा चालणार नाही. विजेवर चढवलेला साधा जस्ताचा थर पातळ, पाच-आठ मायक्रॉनचा. आपला केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्यावर रत्नागिरीचा पावसाळा काढायचा. त्याहून चांगलं म्हणजे जस्त आणि निकेल यांचं मिश्रण, बारा ते पंधरा टक्के निकेल घातलेलं. हे कारखानदारीत तपासलं जातं मिठाच्या फवाऱ्यात: बंद पेटीत पस्तीस अंशांवर पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सोडायचं, आणि लाल गंज किती तासांनी दिसतो ते मोजायचं. याचं अमेरिकन मानक १९३९ सालापासूनचं आहे. साधं जस्त शे-दोनशे तासांत हात टेकतं. जस्त-निकेल सातशेवीस तास सहज काढतं.

सातशेवीस हा आकडा भाऊजींच्या मनात घर करून बसला. सातशेवीस तास म्हणजे तीस दिवस. तीस दिवस अखंड मिठाच्या धुक्यात. मग रत्नागिरीत किती वर्षं? काकांनी सांगितलं की तसा हिशेब करता येत नाही. पेटीतल्या तासांवरून बाहेरची वर्षं निघत नाहीत, फक्त दोन थरांची आपापसात तुलना होते. भाऊजींनी हिशेब केला. चक्रवाढीने केला असावा, कारण उत्तर नातवंडांच्या पलीकडे गेलं.

थर चढवून देणारा कारखाना औद्योगिक वसाहतीत सापडला. तिथल्या मॅनेजरने विचारलं, "माल किती?"

"वीस."

"वीस किलो?"

"वीस नट."

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. तिथे मोठ्या पिंपात मालाचा ढीग घालून ते पिंप फिरवत थर चढवतात. वीस नटांसाठी पिंप फिरवणं त्याला परवडणारं नव्हतं. शेवटी कुठल्यातरी कंपनीच्या बोल्टांच्या ढिगात आमचे नट घुसवायचं ठरलं, थर चढवल्यावर ते वेगळे काढायचं काम आमच्याकडे. भाऊजींनी चाचणीचं प्रमाणपत्रही मागितलं. मॅनेजरने समजावलं की प्रमाणपत्र हवं तर नमुन्याचे काही नट पेटीत घालावे लागतील आणि ते पुन्हा वापरण्यासारखे राहणार नाहीत. वीसपैकी पाच गंजवून उरलेले पंधरा गंजत नाहीत हे सिद्ध करायचं, आणि मग एक चाक नटाविना. भाऊजींनी या प्रस्तावावर विचार केला, हे मी स्वतः पाहिलं.

मधे एक रात्र वाईट गेली. काका बोलता बोलता म्हणाले की थर चढवण्याआधी लोखंड आम्लात धुतात, तेव्हा त्यात हायड्रोजन शिरतो. फार कठीण पोलाद असेल तर ते त्यामुळे ठिसूळ होतं आणि ताण आल्यावर, कधी कधी दोन दिवसांनीसुद्धा, कट्दिशी तुटतं. उपाय म्हणजे थर चढवल्याबरोबर दोनशे अंशांच्या आसपास काही तास भाजायचं. नट एवढे कठीण नसतात, ही भीती स्टडची, असं काका लगेच म्हणाले; पण तोवर भाऊजींनी ऐकायचं थांबवलं होतं. ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"आपला ओव्हन दोनशेपर्यंत जातो ना गं?"

"त्यात नानकटाई जाते," ताई म्हणाली. "नट जाणार नाहीत."

नट आले. राखाडी, मंद चमकणारे, हाताला गार. खरोखर देखणे होते. भाऊजींनी ते वर्तमानपत्रावर मांडून ठेवले, डावे डावीकडे आणि उजवे उजवीकडे. मेस्त्री आला, त्याने एक उचलला, आणि सहज विचारलं, "हिरवे कधी मारू?"

इथे सगळे थांबले. कारण मूळ लष्करी जीपमध्ये चाक आणि नट एकाच हिरव्या रंगाचे असत. चकाकणारी वस्तू शत्रूला लांबून दिसते. जीप हिरवी, चाकं हिरवी आणि मधेच वीस नट लुकलुकताहेत, हे जाणकाराच्या डोळ्यांना खुपणार. भाऊजींच्या मनात अस्सलपणा आणि जस्त-निकेल यांची झुंज झाली. अस्सलपणा जिंकला. नुसता आट्यांना आणि बुडाला रंग लागू द्यायचा नाही, एवढी अट घातली, कारण बुडाखाली रंगाचा थर राहिला की तो दबतो आणि नट सैल पडतो. मेस्त्रीने नटांना हिरवा रंग फासला. कित्येक महिन्यांची विद्या एका दुपारी दोन हातांच्या रंगाखाली गेली. आता ते जस्त-निकेल आहे, हे या भूतलावर भाऊजी, काका, मी आणि तो मॅनेजर एवढ्यांनाच ठाऊक.

आवळण्यावरून आणखी एक प्रकरण झालं. मेस्त्रीची पद्धत सरळ: पान्याच्या दांड्यावर पाय ठेवायचा आणि एकदा उभं राहायचं. भाऊजींनी त्याला वजन विचारलं. साठ किलो. दांडा चाळीस सेंटिमीटर. "म्हणजे दोनशे पस्तीस न्यूटन मीटर," भाऊजी म्हणाले. "हवेत शंभर-एकशेदहा." मेस्त्रीने आयुष्यात पहिल्यांदाच आपलं वजन जास्त असल्याचं ऐकलं. मग त्याने जुना रिवाज म्हणून आट्यांना जळकं ऑइल लावायला डबा उघडला, तेव्हा काका कुंपणापलीकडून ओरडले की पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे. नट आवळताना आपली नव्वद टक्के ताकद घर्षणातच जाते, दहा टक्के चाक धरून ठेवते. तेल लावलं की घर्षण घटतं आणि त्याच आकड्याला स्टड नको इतका ताणला जातो. मेस्त्रीने डबा बंद केला. "आमच्या वेळेस चाक बसायचा नि गाडी जायची," एवढंच तो म्हणाला.

यावर मला बोलायचं होतं, पण बोललो नाही. कॉलेजात असताना मी ज्या वडापने जायचो, तिच्या पुढच्या चाकाला पाचांपैकी तीन नट होते आणि आत-बाहेर मिळून वीस माणसं. त्या नटांवर इतका चिखल होता की गंजाला आत शिरायला वाव नव्हता. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणायचा, "तीन हायत न्हवं?" त्या गाडीने आम्हाला परीक्षेला वेळेवर पोचवलं. अर्थात ती रोज चालत होती. भाऊजींची जीप पावसात बाहेर काढत नाहीत, भरतीच्या वेळी समुद्राच्या बाजूला नेत नाहीत, आणि शेडमध्ये तिच्यावर दोन चादरी असतात. मिठाच्या पेटीत महिनाभर उभ्या राहू शकणाऱ्या नटांनी आजवर दव पाहिलेलं नव्हतं.

ते पाहण्याचा योग आंबा घाटात आला. कोल्हापूरला एका स्नेह्याकडे जीप दाखवायला न्यायची ठरलं. भाऊजी चालवत होते, मी शेजारी. घाटात धुकं होतं आणि भाऊजी प्रसन्न होते. ठरावीक अंतर झाल्यावर थांबून टॉर्क रेंचने वीसही नट पुन्हा तपासले होते, एकही हलला नव्हता. घाट चढून मलकापूरच्या अलीकडे डावं मागचं चाक बसलं.

पंक्चरचं दुकान समोरच होतं. टायरांच्या ढिगावर बसलेला दांडगा गडी उठला. नेमका ताईचा फोन आला आणि रेंज शोधत भाऊजी रस्त्याच्या पलीकडे गेले. मी डिकीतून जॅक शोधत होतो. जीपला डिकी नसते हे लक्षात यायला थोडा वेळ गेला. तोवर गड्याने पाना बसवला होता, जगातले सगळे नट ज्या दिशेला सुटतात त्या दिशेला दांडा केला होता, आणि दांड्यावर उभा राहिला होता. मेस्त्रीपेक्षा हा निदान तीस किलोंनी जड. दांडा थोडा वाकला. नट हलला नाही.

तो खाली उतरला, हिरव्या नटाकडे त्याने बोटाने टकटक केलं, आणि फोन खिशात टाकून येणाऱ्या भाऊजींना लांबूनच निदान सांगितलं.

"गंजलंय सायेब! आतनं पार गंजलंय!"

भाऊजी रस्त्याच्या मधोमध थांबले. मागून एसटी आली, हॉर्न वाजवून बाजूने गेली. मी आजवर त्यांना दोनदाच असं पाहिलंय. पहिल्यांदा नोटाबंदीच्या रात्री.

"ते जस्त-निकेल आहे," ते कसेबसे म्हणाले. "सातशेवीस तास..."

"एवढा टाइम न्हाई लागत, सायेब," गडी डिझेलचा डबा उचलत म्हणाला. "ह्ये मारतो, अर्ध्या तासात सुटतंय बघा."